चाळीस मिनिटांच्या बेटावरची घंटा

काशाची आहे मी, मित्रांनो, आणि जुनी आहे. मान्नार गावच्या ओताऱ्यांनी मला घडवले. भाताच्या शेतातली माती, तिच्यावर मेणाचा लेप, मेणावर पुन्हा माती. आणि भट्टीत मेण वितळून गेले की मागे राहिलेल्या पोकळीत ओतलेला लालबुंद रस. निघून गेलेल्या एका आकाराच्या जागी माझा जन्म झाला. माझ्याबरोबर ओतलेल्या सात घंटा देवळांत गेल्या. मला कोचीचा एक बोट बांधणारा सुतार घेऊन गेला, आणि माझी उमेदीची सगळी वर्षे एका डिझेल इंजिनाशी बोलण्यात गेली.

याची खंत मला कधी वाटली नाही. देवळातली घंटा वाजली नाही तरी देव आपल्या जागी असतोच. माझ्या ठोक्यावाचून साठ माणसे धक्क्यावरच राहिली असती.

आमची बोट लाकडी होती. एर्नाकुळमच्या धक्क्यावरून ती नेडुंतुरुत्त नावाच्या बेटाकडे जाई आणि तिथून परत येई; दिवसातून नऊ वेळा. पुढे उंचावर सारंग चक्र धरून उभा असे. इंजिन बोटीच्या मधोमध, उतारूंच्या बाकांमधल्या एका खोल खड्ड्यात होते आणि त्याच्याशेजारी ड्रायव्हर बसे. सारंगाला इंजिन दिसत नसे. ड्रायव्हरला पाणी दिसत नसे. त्या दोघांमध्ये एक दोरी होती, आणि दोरीच्या टोकाला, ड्रायव्हरच्या डोक्यावर, मी. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे पुढे. तीन म्हणजे मागे. चार म्हणजे सगळा जोर लाव. एवढीच माझी भाषा. ठोका ऐकल्यावर ‘का’ असे विचारायचे नाही, हा खड्ड्यातल्या माणसाचा धर्म होता. न पाहता ठेवलेल्या विश्वासावर एक बोट किती वर्षे चालू शकते, हे मी माझ्या अंगावर मोजले आहे.

मित्रांनो, शहर वाढताना पाहायचे असेल तर ते पाण्यावरून पाहावे. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला फक्त समोरची भिंत दिसते. आम्हाला सगळा काठ दिसे. नारळींच्या शेंड्यांवरून एक इमारत डोके काढी, पुढच्या वर्षी तिच्या शेजारी दुसरी. बंदरातल्या क्रेन करकोच्यांसारख्या माना लांबवून उभ्या असत. सकाळच्या फेरीला कॉलेजच्या मुली, कोर्टातले कारकून, मासळीच्या टोपल्या, एखादी सायकल, हातात क्ष-किरणाचे मोठे पाकीट धरलेला एखादा म्हातारा. आणि धक्क्यापलीकडे पाच मिनिटांवर बसचा तळ, दहा मिनिटांवर रेल्वे. संध्याकाळी हीच माणसे परत येत, तेव्हा त्यांच्या अंगाला शहराचा वास असे: छापील कागद, औषधे, तळलेली केळी. मी तो वास ओळखू लागले होते.

तरीही या बेटाला एक दुखणे होते. तिथे मुलगी द्यायला कोणी तयार नसे. पूल नव्हता. शहर समोर दिसे, हाक मारली तर ऐकू जाईल असे वाटे. पण मधे एक मोठा वाळूचा बांध होता आणि त्याला वळसा घालून जायला चाळीस मिनिटे लागत. आमच्याकडे सोयरीक ठरण्याआधी मुलीकडची माणसे मुलाचे घर पाहायला येतात. ती माणसे बेटाच्या धक्क्यावर उतरत, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत, आणि त्यानंतरचा चहा नुसता शिष्टाचार उरे.

सुगतन आमचा ड्रायव्हर. वय एकतीस, बोलणे मोजके, इंजिनाचा आवाज पोटातून ऐकणारा. त्याच्या तीन सोयरिकी अशाच घड्याळाकडे पाहून मोडल्या होत्या. चौथी आली ती इडुक्कीच्या डोंगरातून, वेलदोड्याच्या मळ्यांतून. मुलीचे नाव अंबिली. सुगतन डोंगरात जाऊन तिला पाहून आला होता, आणि त्या दिवसापासून तो मला दर दोन दिवसांनी चिंचेने घासू लागला. मला कळले. घंटा इतकी चमकण्याचे दुसरे कारण नव्हते.

घर पाहायला यायचा दिवस ठरला. त्याच दिवशी सुगतनच्या जागी येणारा दुसरा ड्रायव्हर तापाने आडवा झाला. ड्रायव्हरशिवाय बोट नाही, बोटीशिवाय पाहुणे नाहीत. तेव्हा नवऱ्या मुलाने घरी पांढरा शर्ट घालून बसण्याऐवजी तोंडाला पंचा गुंडाळला आणि तो माझ्याखाली खड्ड्यात उतरला. पाहुण्यांनी ओळखू नये म्हणून त्याने पाठ फिरवून घेतली होती. बेटाला बोट लागली की मागच्या बाजूने पळत घरी जायचे, अंघोळ करायची आणि पुढच्या दाराने पाहुण्यांसमोर यायचे, असा त्याचा बेत होता.

दुपारच्या फेरीला ते आले. अंबिलीचे वडील भार्गवन, उन्हाने रापलेले, छत्री दोन्ही हातांनी धरून बसलेले. त्यांची थोरली बहीण सरसम्मा, जिच्या जिभेची ख्याती सोयरिकीच्या मध्यस्थाने आधीच बेटावर पोहोचवली होती. आणि अंबिली स्वतः. खरे तर मुलीने घर पाहायला यायचे नसते. पण त्याच सकाळी तिची शहरातल्या एका इस्पितळात परिचारिकेच्या जागेसाठी मुलाखत झाली होती आणि तिला एकटीला कुठे ठेवायचे, हा प्रश्न होता.

सरसम्माने तोडगा काढला होता. “ही बोटीतच बसेल. आपण दोघं उतरू, घर पाहू, चहा घेऊ. मुलीचा पाय काही बेटाला लागायचा नाही.”

“बरं, अप्पच्ची,” अंबिली आत्याला म्हणाली. तिच्या मांडीवर मुलाखतीची फाईल होती आणि नजर काठावर.

बोटीतल्या साऱ्यांना ठाऊक होते हे पाहुणे कोण ते. वारा लागेल अशा जागा त्यांना मिळाल्या. पान खाणाऱ्यांनी पान खाल्ले नाही. मासळीवाल्यांनी टोपल्या मागे नेल्या. आणि चक्राशी उभ्या वेलायुधन सारंगाने मनाशी एक गोष्ट ठरवली होती.

वेलायुधनची तीस वर्षे पाण्यावर गेली होती आणि सुगतन त्याला मुलासारखा होता. बेटाच्या पाठीमागून एक अरुंद फाटा जातो. भरतीला त्यातून बोट नेली तर वीस मिनिटांत बेट येते. पण आदल्याच दिवशी अमावास्या झाली होती आणि त्या दिवसांची ओहोटी खोल उतरते. हे तीस वर्षे पाण्यावर मुरलेल्या सारंगाला माहीत नव्हते असे नाही. त्याने एवढेच ठरवले की आज ते आठवायचे नाही. मधल्या थांब्यावर उतरणाऱ्यांना त्याने हळूच विचारून घेतले होते, आणि तेही त्याला थोरल्या भावाचा मान देत म्हणाले होते, “आम्हाला परतीला सोडा, चेट्टा. आज पोराचं होऊन जाऊ दे.” मित्रांनो, अख्खी बोट या लबाडीत सामील होती. मीही.

फाट्यात शिरलो तसे इंजिनाचे गाणे बदलले. पाणी उथळ झाले की आवाज जड होतो. सुगतनने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्याच वेळी दोरी ओढली गेली. एक, दोन, तीन, चार. सगळा जोर लाव. क्षणभर त्याचा हात थांबला. मग धर्माप्रमाणे त्याने जोर लावला.

आवाज न करता, लोण्यात सुरी शिरावी तशी बोट गाळात शिरली आणि थांबली. वेलायुधनने तीन ठोके दिले. मागे. पुन्हा तीन. मी घसा फुटेपर्यंत ओरडले. पाण्यावर काळा चिखल उसळला आणि इंजिन गुदमरून बंद पडले. दोन्ही बाजूंनी पाणी पाहता पाहता ओसरू लागले. समोर, हाताच्या अंतरावर म्हणावे असे, बेटावरचे नारळ दिसत होते.

“पोहोचलो का?” सरसम्माने विचारले.

वेलायुधनने वाकून खालचा गाळ पाहिला.

“नाही, मध्यस्थ चाळीस मिनिटं म्हणाला होता,” सरसम्माच पुढे म्हणाली. “ तुम्ही वीस मिनिटांत चिखलात आणलंत. वेळेच्या बाबतीत मात्र तक्रार नाही.”

“अम्मे, भरती येईल तशी निघेल,” एक मासळीवाली म्हणाली.

“कधी येईल?”

“दोन तासांत. अडीच.”

“भार्गवा, ऐकलंस? उद्या पोरीला दिवस गेले, कळा सुटल्या, की चंद्राला विचारून निघायचं.”

भार्गवननी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. माझ्याखाली सुगतनने डोळे मिटून घेतले होते. चौथी सोयरीक आपल्याच इंजिनाच्या जोराने मोडताना तो ऐकत होता, आणि त्याला तोंड उघडायचीही सोय नव्हती.

मग एक छोटी होडी आली. तीत शिंपले काढणारा एक माणूस, गळ्यापर्यंत चिखलाने माखलेला. “काय झालं, वेलायुधन चेट्टा? या वेळेला इथं?” त्याने पाहुण्यांकडे एक नजर टाकली, सगळे समजला आणि “सांगतो घरी” एवढे बोलून बेटाकडे वळला. तो जातो न जातो तोच एक मच्छीमार बोट मुख्य पात्रातून जाताना थबकली. तिने दोर फेकला, ओढून पाहिले, दोर तुटला, आणि “वाट बघा, मोठा दोर आणतो” म्हणून ती निघून गेली. पाठोपाठ एर्नाकुळमकडे चाललेली दुसरी फेरीबोट खोल पाण्यात उभी राहिली. तिच्या सारंगाने हाताचा कर्णा करून विचारले, “कुणाला दवाखान्याची घाई आहे का? होडीने घेऊन जातो.”

घाई कोणालाच नव्हती. पण तो उत्तर मिळेपर्यंत थांबून राहिला.

अंबिली हे सारे पाहत होती. तिने फाईल बाजूला ठेवली.

“अच्चा, किती वेळ झाला?” तिने वडिलांना विचारले.

“पंचवीस मिनिटं असतील, मोळे.”

“तीन जण येऊन गेले.”

“हं.”

“येऊन गेले, आणि उपयोग काय?” सरसम्मा म्हणाली. “बोट तिथंच आहे.”

“अप्पच्ची,” अंबिली म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला, “आईला दवाखान्यात नेताना आपली जीप वळणावर बंद पडली होती, तेव्हा तुम्ही होतात ना. दुपारचे दोन वाजले होते. पुढची गाडी कधी आली?”

सरसम्माने पदर नीट केला.

“दुसऱ्या दिवशी सकाळी,” अंबिलीनेच सांगितले. “आई तोवर थांबली नाही.”

गाळातले बुडबुडे फुटताना ऐकू येत होते. मित्रांनो, मी काशाची आहे. माझ्या पोटात एक कंप कायम दडलेला असतो. कोणी न वाजवताही कधी कधी तो जागा होतो.

तेवढ्यात भांड्यांचा आवाज आला. बेटाकडून एक होडी येत होती. तिच्यात मधोमध बसली होती सुगतनची आई कार्त्यायनी. नेसूचे नवे, मांडीत चहाची मोठी किटली, शेजारी केळीच्या पानाखाली झाकलेले पिकल्या केळ्यांचे तळलेले काप. शिंपलेवाला वल्हवत होता.

“या म्हणून बसले होते,” ती होडीतूनच म्हणाली. “तुम्ही काही येईनात. मग म्हटलं आपणच जावं. घर काय, चार भिंती आहेत, भरती आली की बघा. चहा मात्र निवला असता.”

पहिला पेला तिने सरसम्माला दिला. सरसम्माने तो घेतला. नाही म्हणायला तिला कारण सुचले नसावे. मुलीचा पाय घराला लागू नये एवढा बंदोबस्त तिने केला होता. घरच उठून बोटीवर येईल, याचा केला नव्हता.

याच वेळी इंजिनात गेलेला गाळ उपसून सुगतन खड्ड्यातून वर आला. केसांपासून कोपरांपर्यंत काळा. पंचा कधीच गळून पडला होता.

“हा कोण?” सरसम्माने विचारले.

“ड्रायव्हर,” वेलायुधन घाईने म्हणाला.

“नवरा मुलगा,” मासळीवाली म्हणाली.

हसू कोणी आवरले नाही. भार्गवनही हसले, छत्रीच्या मुठीआड. अंबिली हसली नाही. ती उठून खड्ड्याच्या कठड्यापाशी आली.

“सकाळी सातची पाळी असली, तर इथून इस्पितळात वेळेवर पोहोचता येतं?”

सुगतनने वेलायुधनकडे पाहिले. सारंगाने डोळ्यांनीच विनवले: वीस मिनिटं सांग. सुगतन तेवढे एक खोटे बोलला असता, तर त्या दिवशी त्याला कोणी दोष दिला नसता.

“पहिली बोट पावणेसहाला आहे,” तो म्हणाला. “पण या वाटेनं नाही. ही वाट आज तुम्हाला जवळ वाटावं म्हणून घेतली. आमची वाट लांबची आहे. चाळीस मिनिटं लागतात. पावसाळ्यात पन्नास.”

वेलायुधनने कपाळाला हात लावला.

अंबिलीने पाण्यापलीकडे पाहिले. ओहोटीच्या उन्हात सारे शहर काठावर मांडून ठेवल्यासारखे दिसत होते: क्रेन, गोदामे, इस्पितळाची पांढरी इमारत, पुलावरून जाणारी आगगाडी.

“आमच्याकडून सगळ्यात जवळच्या डॉक्टरकडे जायला चार तास लागतात,” ती म्हणाली. “चाळीस मिनिटं चालतील.” मग वडिलांकडे वळून, “अच्चा, मला इथे राहायचंय.”

“अगं, गाळात बसून कोणी असं ठरवतं का?” सरसम्मा म्हणाली, पण आता तिच्या आवाजात धार नव्हती आणि हातातला पेला रिकामा होता. कार्त्यायनीने तो भरला.

भार्गवननी छत्री बाकावर आडवी ठेवली. “दादा,” ते वेलायुधनला म्हणाले, “भरती आली की त्या लांबच्या वाटेनं न्या. तीही पाहून ठेवतो.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी लाखो ठोके दिले. पण पाणी चढल्यावर, ऊन कलताना, वेलायुधनने दोरी ओढली आणि मी दोन ठोके दिले, त्यांची आठवण वेगळी आहे. बोट गाळातून सुटली तेव्हा साठ माणसांनी एकदम श्वास सोडला.

लग्न झाले, इस्पितळातली जागाही मिळाली, आणि पुढे बावीस वर्षे अंबिली पावणेसहाच्या बोटीने गेली. सुरुवातीला सुगतनच्या डोक्यावर मी आणि माझ्यासमोरच्या बाकावर ती. दोघे बोटीत एकमेकांशी बोलत नसत, पण उतरताना ती डबा कठड्यावर ठेवी. शहराने तिला पुष्कळ दिले. इस्पितळात ती शिकत गेली, मोठ्या विभागाची प्रमुख झाली. आणि तिच्यामागून डोंगर हळूहळू खाली उतरू लागला. परीक्षेला आलेली मामेबहीण, मुलाखतीला आलेला शेजाऱ्याचा मुलगा, रेल्वे पकडायला आलेले अख्खे कुटुंब: सगळ्यांचा पहिला मुक्काम बेटावरच्या त्या चार भिंतींत. म्हातारपणी सरसम्माही डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आली. पट्टी सुटल्यावर परत जायचे तिने तीन महिने नावच काढले नाही. संध्याकाळी धक्क्यावर बसून ती येणाऱ्या बोटी मोजी आणि उशीर झाला की सारंगाला सुनावी, “चाळीस मिनिटं म्हणाला होतास रे.”

मग पूल आला. उद्घाटनाच्या दिवशी बेटावरच्या बाया नव्या साड्या नेसून पुलावरून चालत शहरात गेल्या आणि बसने परत आल्या, नऊ मिनिटांत. त्या दिवशी आमची बोट जवळजवळ रिकामी धावली. तुम्हाला वाटेल, मला दुःख झाले असेल. थोडे झाले. पण ज्या बेटावर मुली येत नव्हत्या, तिथे त्या वर्षी अकरा लग्ने झाली, आणि अकराही वराती पुलावरून येताना मला पाण्यावरून दिसल्या. आपले काम कोणी आपल्याहून चांगले करू लागले, तर रुसायचे कशाला?

नंतरची वर्षे सांगण्यासारखी नाहीत. बोट मोडीत निघाली. मला उतरवून एका गुदामात काथ्याच्या दोरांखाली टाकले. तिथे मी सहा वर्षे होते. अंगावर हिरवा गंज चढला आणि पोटातला कंपही झोपी गेला. आता पाण्यावर विजेच्या, आवाज न करणाऱ्या नव्या बोटी धावतात. त्यांच्या सारंगाला इंजिनाशी बोलायला घंटा लागत नाही. त्या देखण्या आहेत. मी त्यांचे कौतुकच ऐकले आहे.

निवृत्त झाल्यावर सुगतन मला शोधत आला. गुदामवाल्याने मला बाहेर काढले, तेव्हा सुगतनने ओळखण्यासाठी माझ्याकडे पाहिले नाही. बोटाच्या मधल्या सांध्याने एकदा ठोकले आणि ऐकले. मग चिंच आणि राख घेऊन दोन दिवस घासत बसला. आता मी बेटाच्या वाचनालयाच्या ओसरीवर आहे. इथे संध्याकाळी शहरातल्या परीक्षांचा अभ्यास करणारी मुले बसतात. त्यांत डोंगरातून आलेल्या मुलीही असतात, अंबिलीच्या घरी उतरलेल्या. दिवे मालवायच्या आधी सुगतन मला हलकेच वाजवतो. त्यातली एखादी मुलगी दचकून पुस्तकातून वर पाहते, आणि त्या नजरेत मला ओहोटीच्या उन्हातले शहर दिसते.

मित्रांनो, मोठ्या शहरात राहायला मिळणे हे भाग्य आहे. मी ते दुसऱ्यांच्या डोळ्यांतून पाहिले आहे, म्हणून सांगते. तुमच्याकडे पूल असतील, रस्ते असतील, दर पाच मिनिटांनी येणारी गाडी असेल. त्यांना जपा. धक्क्यावरचे बाक कोरू नका, पाण्यात प्लास्टिक टाकू नका. ते बोटीच्या पंख्यात अडकले की कोणाची तरी परीक्षा चुकते. ज्यांना समोरचे पाणी न दिसताही तुमच्यासाठी इंजिन चालवावे लागते, त्यांना नावाने हाक मारा. आणि घाईत असाल तेव्हाही कडेला कोणी रुतलेले दिसले, तर वेग कमी करून विचारा, काय झाले. त्या दुपारी तिघांनी विचारले होते. त्यातल्या एकालाही आमची बोट बाहेर काढता आली नाही, तरी एका मुलीने त्यांच्या भरवशावर सारे आयुष्य या काठावर मांडले.

मी घंटा आहे. हाक देणे एवढेच मला येते. हाक ऐकून वळणे माझ्या हाती कधीच नव्हते. ते माणसांनी केले, आणि त्यांचे माझ्यावर ऋण आहे.